सुटला

बाबा आमच्या फोनच्या पडद्यावर एका निळ्या ठिपक्याएवढे होते. सायकलच्या दांड्याला काड्यापेटीएवढं एक यंत्र बांधलेलं होतं. ते थोड्या थोड्या वेळाने आपली जागा कळवायचं, की नकाशावर ठिपका पुढे सरकायचा. यंत्र फक्त सांगायचं, ऐकायचं नाही. बाबांशी बोलायचं तर त्यांचा फोन लागायला हवा, आणि बॅटरी वाचवायला सायकल चालवताना ते तो बंद ठेवत. सकाळी निघण्याआधी, मधे कुठे चहाला थांबले की, आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर तेवढा तो चालू व्हायचा.

हा मोठा फेरा त्यांनी काढला होता श्वासाच्या मशिनांसाठी. माझ्या धाकट्या भावाचे स्नायू लहानपणापासून झिजत आले होते. आधी पाय, मग हात, मग पाठ. या आजारात शेवटी पाळी येते छातीची. माणूस श्वास आत ओढू शकतो, पण जोर लावून खोकू शकत नाही, आणि तुम्हीआम्ही सहज झटकून टाकतो तो कफ तिथेच मुक्काम करतो. अशा मुलांना घरी वापरायला मशीन देणारं एक केंद्र आमच्या शहरात होतं. मशिनं थोडी, मुलं जास्त. एका घरातलं मशीन कधी रिकामं होतंय याची दुसऱ्या घरात वाट बघितली जायची, आणि ते रिकामं कसं होतं हे कोणी कोणाला विचारत नसे. आमच्याकडचं मशीनही तसंच आलं होतं. मास्क नवा होता, पण मशिनच्या पिशवीच्या कप्प्यात कोणाचातरी खेळण्यातला डायनोसॉर राहिला होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. तो डायनोसॉर हातात घेऊन ते म्हणाले होते, "लिफ्टमध्ये एक बाजू वर जायला दुसरी खाली यावी लागते. ते लिफ्टमध्ये ठीक आहे."

कल्पना बाबांची, बाकीचा कारभार भावाचा. घरात सगळे त्याला मॅनेजर म्हणत, कारण अंथरुणावरून न हलता तो आम्हा तिघांना हलवायचा. रस्ता त्याने आखला, मुक्काम त्याने ठरवले, लोकांनी पैसे द्यावेत म्हणून पेज त्याने उघडलं. पेजवर सगळ्यात वर त्याचंच वाक्य होतं: सोबत गाडी नाही, माणूस नाही, एकटा माणूस आणि एक सायकल.

"बाबा, पोट आत घेऊ नका फोटोत," तो म्हणायचा. "लोकांना फरक दिसला पाहिजे. पोटाच्या जिवावर पैसे गोळा करायचेत."

"आणि पडले कुठे म्हणजे?" आई विचारायची. ती पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसते. माणसं पाण्यात उतरण्याआधी तिला बुडालेली दिसतात. "या वयात ती मेली सायकल घेऊन निघालेत."

"पडले तर आणखी पैसे येतील," मॅनेजर म्हणाला. आई हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली.

बाबा निघाले तेव्हा तो बरा होता. ते फेऱ्याच्या निम्म्याच्या पुढे गेल्यावर त्याला ताप आला, छाती भरली आणि आम्ही त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं. बाबा परत यायला निघाले होते. मॅनेजरनेच फोनवर दम भरला. "तुम्ही फिरलात तर मी पेज बंद करीन. ताप आहे, तुम्ही येऊन काय पंखा घालणार?" ताप खरंच उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर दोनचार दिवसांत घरी सोडू. तेव्हापासून बाबांचा दर फोनवर एकच प्रश्न असायचा: "कधी सोडतायत त्याला? कधी सुटतोय?"

सुटला नाही. एका सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटला. मला या झोपेचं कारण माहीत होतं. श्वास अपुरा पडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो साठला की माणसाला गुंगी येते. मी नर्सला बोलावलं, तिने डॉक्टरांना. त्यांनी करायचं ते सगळं केलं. आधी त्याला त्रास झाला. नंतर झाला नाही. आई त्याच्या पायाशी उभी होती आणि त्याच्या पावलांवरून हात फिरवत होती.

थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये मी बाबांचा फोन लावला. ती त्यांची चहाला थांबायची वेळ होती. रिंग वाजली तशी आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"मी सांगते. हे मीच सांगायला हवं."

पलीकडून खरखर आली. आई भिंतीकडे तोंड करून बोलली. आवाज अगदी हळू, जणू तो अजून झोपलाय. "अहो... सुटला हो आपला मॅनेजर. सकाळीच सुटला."

बाबा ओरडले. मला शब्द कळले नाहीत, नुसता आवाज फोनमधून बाहेर आला. मग खरखर, मग काही नाही. ते डोंगराच्या भागात होते, तिथे रेंज अशीच जायची. पुन्हा लावला तर लागेना, आणि नंतर बंदच.

"ओरडले गं," आई बाकावर बसत म्हणाली. "आता फिरतील मागे."

मी ठिपका बघत बसले. ठिपका मागे फिरला नाही. थोडा वेळ होता तिथेच राहिला आणि मग पुढे निघाला, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या दिशेने. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा आकडा बसत नसला की आम्ही आधी यंत्रावर संशय घेतो. मी पान पुन्हा उघडलं. ठिपका तसाच पुढे जात होता. दोन खुणांमधलं अंतर मोजलं तर बाबा चढावर होते, तरी गेल्या कित्येक दिवसांत चालवली नव्हती इतक्या वेगाने सायकल चालवत होते. दुःखात माणूस काय करेल ते सांगता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला ते पटेना.

मग मी पेज उघडलं.

मधे क्षणभर रेंज आली असणार, बाबांनी चहाच्या टपरीसमोरचा स्वतःचा फोटो टाकला होता. हातात ग्लास, सगळे दात बाहेर. खाली लिहिलं होतं: "मॅनेजर सुटला! आज पाय आपोआप फिरतायत. सगळ्यांचे आभार."

आईने सगळ्यांत मऊ शब्द निवडला होता. इतक्या वर्षांच्या आजाराला, सुया, मास्क, रात्री कुशीवर वळवण्याला, त्या सगळ्याला मिळून हाच एक शब्द तिला बरोबर वाटला असणार. आणि बाबा कितीतरी दिवस फक्त त्याच शब्दाची वाट बघत होते.

फोटोखाली लोक लिहायला लागले होते. अभिनंदन. वा, मस्त. मॅनेजरला विश्रांती घ्यायला सांगा. मग कोणीतरी लिहिलं: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली दुसऱ्याने त्याला झापलं: अहो, डिस्चार्ज मिळालाय, फोटो तरी बघा, शुद्धीवर या. त्यावर आणखी कोणी: मी त्याच हॉस्पिटलमध्ये आहे, खरंच गेला तो. आणि पुन्हा अभिनंदन, अभिनंदन, टाळ्या, एक नाचणारं अस्वल.

बाबा संध्याकाळी मुक्कामाला पोचले की आंघोळीच्याही आधी हे पेज उघडायचे. प्रत्येकाला एकेक करून हात जोडलेलं चित्र पाठवायचे. पोस्ट काढून टाकायची तर पेजचा पासवर्ड मॅनेजरच्या डोक्यात होता. त्याचा फोन त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीत घालून आम्हाला दिला होता. मी तो बाहेर काढला. त्याने चेहरा मागितला. तो फोन डोळे उघडे असल्याशिवाय चेहरा ओळखत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून पुढचा विचार करायचं पाप टळलं. मी फोन परत पिशवीत ठेवला.

मुक्कामाच्या लॉजवर फोन करता आला असता. पण मग काउंटरवरचा अनोळखी माणूस बाबांना सांगणार. नाहीतर पेज सांगणार, नाचणाऱ्या अस्वलाच्या खालच्या ओळीत. मला एवढंच हवं होतं की त्यांना ते घरच्या माणसाने सांगावं, आणि संध्याकाळच्या आत.

"आई, मी जाऊन घेऊन येते त्यांना," मी म्हटलं. "रेंज नाहीये. गाडीने लवकर होईल."

"जा," आई म्हणाली. "पोराचं तोंड बघू दे त्यांना. तोपर्यंत मी कोणाला हात लावू देणार नाही." मावशी आली होती, ती आईजवळ बसली. आईचा फोन मी माझ्याबरोबर घेतला. माझ्या फोनला चार्जिंग नाही म्हटलं. होतं, पण ते पेज तिला दिसायला नको होतं.

गाडी ग्रीसकाकांची. ते बाबांचे कामावरचे जोडीदार. बाबा वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत असले की हे खाली लिफ्टच्या खड्ड्यात, अशी त्यांची वीसेक वर्षं गेलेली. त्यांच्या नखांतलं ग्रीस लग्नातही निघालं नव्हतं, म्हणून हे नाव. मी त्यांना पोस्ट दाखवली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, वाचलं, फोन मला परत दिला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

शहर संपल्यावर म्हणाले, "काय म्हणणार आहेस?"

"सांगणार."

"ते कळलं. शब्द काय वापरणार? एकदा घोळ झालाय."

"वारला."

"वारला हे शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणतात. बापाला असं सांगतात होय? नोटीस लावल्यासारखं."

"मग गेला म्हणते."

"गेला." त्यांनी गिअर बदलला. "बघ बाई. आमच्यात खड्ड्यातून वर ओरडून सांगायचं असतं, चालू कर, बंद कर. तिथे 'करू नको' असं कधी म्हणत नाही आम्ही. 'नको' वाऱ्यावर जातं आणि वरच्याला नुसतं 'कर' ऐकू येतं. माणूस चिरडतो. म्हणून 'बंद'. दुसरा शब्दच नाही."

"तुम्ही सांगा मग."

"मी?" ते म्हणाले. "मी गाडी चालवतो."

बाकीचा वेळ आम्ही तसेच गेलो, मी ठिपका बघत आणि ते रस्ता बघत. मधेमधे ते स्वतःशीच म्हणायचे, "कसा चालवतोय बघ, गाढव," आणि मग नाक ओढायचे.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही बाबांना गाठलं. एका लांब चढाच्या माथ्यावर पेट्रोलपंप होता आणि हवेच्या मशीनशेजारी सायकल उभी होती. बाबा उकिडवे बसून मागच्या चाकात हवा भरत होते. काळे पडले होते, पोट नाहीसं झालं होतं. ग्रीसकाकांची गाडी त्यांनी आवाजावरून ओळखली. उठले आणि दोन्ही हात वर करून धावतच आले.

"अरे! तुम्ही? अगं, लोकांनी बघितलं तर? एकट्याने चाललोय ना मी! पेजवर लिहिलंय, माणूस नाही, गाडी नाही. मॅनेजर कापून काढेल मला." आणि मग ते अचानक थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "आणलंत त्याला? त्याचीच आयडिया ना ही? सुटल्या सुटल्या बापाची तपासणी!"

ते मला ओलांडून गाडीकडे गेले. मागच्या काचेला दोन्ही तळवे लावून, त्यात डोकं घालून आत बघायला लागले. आत एक घडी केलेली चादर होती. काकांनी ती माझ्यासाठी टाकली होती.

"झोपलाय का?" त्यांनी विचारलं. पलीकडच्या बाजूने जाऊन पुन्हा बघितलं. "कुठाय?"

ग्रीसकाका स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते.

"बाबा," मी म्हटलं, "तो गेला."

"गेला?" बाबा म्हणाले. "घरी? मग तुम्ही त्याला एकटं सोडून इथे काय करताय? आईला एकटीला उचलवणार आहे का तो? मशीन कोण लावणार?"

"बाबा, घरी नाही. तो गेला. सकाळी."

"हो, सकाळीच. आई म्हणाली ना, सकाळीच सुटला. मी काय बहिरा आहे?" आता त्यांचा आवाज चढला होता. मला वाटतं, तेव्हा त्यांना कळायला लागलं होतं, आणि म्हणूनच ते प्रत्येक शब्दाचा दुसरा अर्थ धरून ठेवत होते. आणि आमच्या भाषेत प्रत्येक शब्दाला तसा अर्थ होता. घरचं माणूस सुटतं, जातं, आटपतं, डोळे मिटतं. त्यातल्या प्रत्येकातून तो अजून परत येऊ शकत होता.

माझ्या कामात मी एक शब्द दिवसभर वापरते. काचेच्या ताटलीत वाढवलेले जिवाणू गरम पाण्यातून काढले की मी वहीत तोच शब्द लिहिते. आपल्या माणसाला तो लावत नाहीत. लावला तर ती शिवी असते.

"बाबा, तो मेला," मी म्हटलं.

पंपावरचा माणूस वळून बघायला लागला.

बाबांनी हात उचलला. मला मारतील असं वाटलं, आणि मी हलले नाही. पण त्यांनी तो हात गाडीच्या टपावर ठेवला, मग दुसराही ठेवला, आणि दोन्ही हातांमध्ये मान खाली घातली. सायकलवर बसल्यासारखेच वाकलेले दिसत होते. हवेच्या मशीनची नळी मागच्या चाकाला लावलेली राहिली होती, ती टिकटिक करत होती. ग्रीसकाका उतरले, नळी काढली, व्हॉल्व्हचं टोपण शोधून लावलं, आणि सायकल धरून तिथेच उभे राहिले.

खूप वेळाने बाबा तसेच वाकून म्हणाले, "त्रास झाला?"

मी खोटं बोलणार नव्हते. "आधी झाला. मग गुंगी आली. मग नाही झाला."

"मी चहा पाजला," ते म्हणाले. "टपरीवर होते त्या सगळ्यांना. एक ड्रायव्हर म्हणाला, पोराला माझ्याकडून पण सांगा." त्यांनी तोंड पुसलं. "मी गाणं म्हणत आलो गं हा चढ."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि चालू केला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. पेज त्यांना न दाखवता फोटो आणि त्याखालचं सगळं पुसून टाकलं. काय करतेयस ते त्यांनी विचारलं नाही. सायकल गाडीत मावत नव्हती. काकांनी पाना मागितला, तेव्हा बाबांनीच तो घेतला आणि दोन्ही चाकं सोडवली. नट त्यांनी एका फडक्यात बांधले आणि फडकं काकांच्या हातात दिलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "आईला माहीत आहे? मी काय समजलो ते?"

"नाही. तिला वाटतंय तुम्हाला कळलं. तुम्ही ओरडलात ना."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही बराच उतार उतरलो. मग म्हणाले, "तिला फोन लाव."

आईचा फोन माझ्याकडे होता, म्हणून मी मावशीचा लावला. मावशीने तो आईला दिला. गाडीत एंजिनाचा आवाज होता तरी मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"भेटली का पोरगी?" आई म्हणाली.

"भेटली. येतोय."

"मी असं फोनवर सांगायला नको होतं हो. तुम्ही एकटे होतात तिथे."

"नाही गं. बरोबर सांगितलंस." बाबांनी खिडकीची काच वर केली. "नीट सांगितलंस. मला लगेच कळलं."

पलीकडे आई हिशोब करत असावी. तिने मला जाताना विचारलं होतं ते किती लांब आहेत, आणि आता मावशीच्या फोनवर तिने तो नकाशा बघितलेला असणं शक्य होतं.

"लगेच कळलं," ती म्हणाली. "मग मागे का नाही फिरलात?"

मी बाबांकडे बघितलं. खरं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ग्रीसकाकांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि नजर परत रस्त्यावर नेली.

"तो इथे गार पडत होता," आईचा आवाज आता मऊ नव्हता, "आणि तुम्ही दिवसभर पुढे पुढे जात होतात? लोकांच्या पैशांसाठी? आपलं पोर..." तिला पुढे बोलता येईना. मग म्हणाली, "असे कसे हो तुम्ही?"

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहे असा," ते म्हणाले.